कॅमकॉर्डरच्या कॅसेट संगणकावर उतरवणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न, मुंज, बारसं, आजीची पंच्याहत्तरी, गणपतीतली मुलांची गाणी. साधारण १९९० ते २०१० या काळातलं असं बरंचसं चित्रीकरण आज कपाटातल्या कॅसेटवर पडून आहे. ते उतरवताना एक गोष्ट कायम लक्षात ठेवा: टेपवर जे आहे ते जसंच्या तसं संगणकावर यायला हवं. रंग सुधारणं, कापाकापी, फाइल लहान करणं हे सगळं नंतरचं. जुनी टेप किती वेळा नीट चालेल याची खात्री नसते, म्हणून पहिली फेरीच शेवटची आहे असं समजून तयारी करा.

माझ्याकडची कॅसेट नेमकी कोणती, हे कसं ओळखायचं?

आकारावरून. सुमारे साडेसहा बाय पावणेपाच सेंटिमीटरची छोटी कॅसेट म्हणजे मिनीडीव्ही. साडेनऊ बाय सव्वासहा सेंटिमीटर आणि दीड सेंटिमीटर जाड असेल तर ती ८ मिलिमीटर टेपची कॅसेट. साधारण तेवढीच पण सव्वादोन सेंटिमीटर जाड असेल तर व्हीएचएस-सी. मोठी, घरच्या व्हीसीआरमध्ये जायची ती व्हीएचएस.

घोळ होतो तो ८ मिलिमीटरच्या कॅसेटमध्ये. व्हिडिओ८, हाय८ आणि डिजिटल८ या तिन्हींचा आकार एकच. शिवाय डिजिटल८ कॅमेऱ्यात लोक साधी हाय८ कॅसेटच घालत, त्यामुळे लेबलवर ‘हाय८’ छापलेलं असूनही आत डिजिटल रेकॉर्डिंग असू शकतं. हाय८ कॅमेऱ्यात लावल्यावर चित्रच आलं नाही, तर टेप खराब झाली असं ठरवण्याआधी ती डिजिटल८ कॅमेऱ्यात लावून बघा.

हा फरक महत्त्वाचा आहे. मिनीडीव्ही आणि डिजिटल८ वर आकडेच साठवलेले असतात, ते फायरवायर (कॅमेरा आणि संगणक जोडणारी जुन्या काळची डिजिटल जोडणी) केबलने जसेच्या तसे कॉपी होतात. व्हिडिओ८, हाय८ आणि व्हीएचएस अ‍ॅनालॉग आहेत. तिथे आधी सिग्नलचं डिजिटलमध्ये रूपांतर करावं लागतं आणि दर्जा त्या रूपांतरावर ठरतो.

कॅसेट कॅमेऱ्यात घालण्याआधी काय तपासायचं?

सगळ्यात आधी बुरशी. कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून उजेडात रिळाची कड बघा. कड काळीभोर, गुळगुळीत दिसायला हवी. पांढरे ठिपके, जाळं किंवा पूड दिसली तर ती कॅसेट अजिबात चालवू नका. मुंबई, कोकण, गोवा इथल्या दमट हवेत राहिलेल्या कॅसेटमध्ये हे फार आढळतं. बुरशीची टेप एकदा फिरली की बुरशी कॅमेऱ्याच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, बसते, हेडवरून पुढच्या चांगल्या टेपवर जाते आणि टेप अडकून तुटूही शकते. अशा कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवा आणि टेप साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्या.

मग लॉक. मिनीडीव्हीच्या मागच्या कडेची छोटी पट्टी ‘सेव्ह’ बाजूला सरकवा. व्हीएचएस आणि व्हीएचएस-सीचा प्लॅस्टिकचा तुकडा आधीच मोडलेला नसेल तर आता मोडा. चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर त्या जागचं जुनं चित्रण कायमचं जातं.

पावसाळ्यात किंवा एसीच्या खोलीतून बाहेर आणलेल्या कॅमेऱ्यात आत दव धरतं. सोनीच्या कॅमेऱ्यावर ‘सी:२१’ दिसलं तर तेच कारण. कॅसेट काढा, झाकण उघडं ठेवा, किमान तासभर थांबा. हेअर ड्रायर मारू नका.

कॅमेऱ्याला यूएसबी पोर्ट आहे. तीच केबल लावली तर चालेल ना?

बहुतेक मिनीडीव्ही कॅमेऱ्यांत नाही. ते यूएसबी पोर्ट मेमरी कार्डावरचे फोटो उतरवायला किंवा वेबकॅमसारखं हलक्या दर्जाचं चित्र पाठवायला दिलेलं असतं. काही थोड्या मॉडेलांमध्ये यूएसबी २.० वरून पूर्ण डीव्ही, म्हणजे टेपवरचं मूळ डिजिटल चित्रण, जातं, पण तसं माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असेल तरच भरवसा ठेवा. खरं पोर्ट म्हणजे ‘डीव्ही’ किंवा ‘आय-लिंक’ लिहिलेलं छोटं, ४ पिनांचं. आय-लिंक हे सोनीने फायरवायरला दिलेलं नाव.

आणि एका टोकाला फायरवायर, दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी दोन-तीनशे रुपयांची केबल ऑनलाइन दिसते, ती घेऊ नका. दोन्हींची भाषा पूर्ण वेगळी आहे. नुसत्या तारा जोडून एकाचं दुसरं होत नाही.

संगणकाला फायरवायर पोर्ट नाही. मग?

डेस्कटॉप असेल तर पीसीआय एक्स्प्रेस फायरवायर कार्ड घ्या. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं सगळ्यात कमी त्रास देतं, व्हीआयए चिपचंही बहुधा चालतं. विंडोज १० आणि ११ मध्ये कार्ड ओळखलं जातं पण कॅमेरा दिसत नाही असं झालं, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन कार्डाचा ड्रायव्हर ‘लेगसी’ प्रकारचा करा. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने तो वेगळा डाउनलोड म्हणून ठेवला आहे.

लॅपटॉपसाठी सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे जुना लॅपटॉप. २००४ ते २०१० मधल्या अनेक लॅपटॉपना ४ पिनांचं फायरवायर पोर्ट असायचं. विंडोज एक्सपी किंवा ७ चालू असेल तर या कामापुरता तो उत्तम. त्याला इंटरनेट जोडायचीही गरज नाही.

मॅकवर सलग तीन तुकडे जोडावे लागतात: थंडरबोल्ट ३ ते २ अ‍ॅडॉप्टर, थंडरबोल्ट २ ते फायरवायर ८०० अ‍ॅडॉप्टर आणि ९ ते ४ पिनांची केबल. पण आधी सिस्टिमची आवृत्ती बघा. मॅकओएस २६ टाहो मध्ये अ‍ॅपलने फायरवायरचा आधार काढून टाकला. त्यावर हे अ‍ॅडॉप्टर घेऊन पैसे वाया जातील. लिनक्समध्ये आधार अजून टिकून आहे.

केबल जोडताना काय सांभाळायचं?

कॅमेऱ्याकडे ४ पिनांचं टोक, संगणकाकडे ४, ६ किंवा ९ पिनांचं. ६ आणि ९ पिनांच्या केबलमधून वीजही जाते. ६ पिनांचं टोक जोर लावून उलटं बसवलं किंवा चालू कॅमेऱ्याला केबल खुपसली, तर कॅमेऱ्याची डीव्ही चिप जळू शकते. तेवढ्यासाठी दुरुस्ती मिळणं आज जवळपास अशक्य आहे. म्हणून क्रम असा ठेवा: कॅमेरा बंद, केबल आधी संगणकाला, मग कॅमेऱ्याला, आणि शेवटी कॅमेरा चालू.

मिनीडीव्ही किंवा डिजिटल८ उतरवण्याची पूर्ण पद्धत सांगा.

१. कॅमेरा बॅटरीवर नको, अ‍ॅडॉप्टरवर चालवा. मध्येच बॅटरी संपली तर टेप हेडभोवती गुंडाळलेल्या अवस्थेत थांबते.

२. टेप शेवटपर्यंत पुढे घ्या आणि पुन्हा पूर्ण रिवाइंड करा. वर्षानुवर्षं एका जागी पडलेल्या टेपचा ताण त्यामुळे सारखा होतो आणि एकमेकांना चिकटलेले थर सुटे होतात.

३. वर सांगितलेल्या क्रमाने जोडून कॅमेरा ‘व्हीसीआर’, ‘प्ले’ किंवा ‘व्हीटीआर’ मोडवर चालू करा. ‘कॅमेरा’ मोडवर टेप हलणारच नाही.

४. विंडोजवर विनडीव्ही हे छोटं, मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. त्यात ‘टाइप-२ एव्हीआय’ निवडा. ‘डिसकंटिन्युइटी थ्रेशोल्ड’ शून्य ठेवला तर पूर्ण टेपची एकच फाइल होते. १ ठेवला तर कॅमेऱ्याने जिथे जिथे रेकॉर्डिंग थांबवून सुरू केलं तिथे फाइल तुटते. मॅकवर आयमूव्ही, लिनक्सवर डीव्हीग्रॅब. विंडोज मूव्ही मेकर वापरत असाल तर ‘डीव्ही-एव्हीआय’ हाच पर्याय घ्या, डब्ल्यूएमव्ही घेतलं तर चित्र तिथेच दाबलं जातं.

५. कॅप्चर सुरू करा आणि मग टेप प्ले करा. तासाच्या टेपला तासच लागतो. रिवाइंड धरून दीड तास मोकळा ठेवा. त्या वेळात संगणकावर दुसरं जड काम नको, झोपेचा मोड आणि अँटिव्हायरसचं स्कॅन बंद ठेवा.

६. ‘ड्रॉप्ड फ्रेम्स’चा आकडा शून्य आहे ना ते बघा. फाइल सुरुवातीला, मधे आणि शेवटी उघडून बघितल्याशिवाय पुढची कॅसेट लावू नका.

टेपवर मधे कोरी जागा असेल तर काही सॉफ्टवेअर तिथे ‘टेप संपली’ असं समजून थांबतात. पुढे रिकामं दिसलं तरी टेप शेवटपर्यंत पळवून बघा. अनेकदा दहा मिनिटांच्या निळ्या पडद्यानंतर शाळेचं गॅदरिंग सापडतं.

डिस्कवर किती जागा लागेल?

डीव्हीला तासाला सुमारे १३ जीबी. वीस कॅसेट म्हणजे २६० जीबी. डिस्कचं फॉरमॅट एफएटी३२ असेल तर ४ जीबीला, म्हणजे साधारण १८ मिनिटांनंतर फाइल अडते. ‘दर वेळी अठराव्या मिनिटाला थांबतं’ या तक्रारीचं कारण बहुतेक वेळा हेच. एनटीएफएस किंवा एक्सफॅट करून घ्या.

चित्रात चौकोन उडतात किंवा आडवे पट्टे येतात. टेप गेली का?

लगेच तसं समजू नका. आधी नमुना ओळखा. पाल या आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीत डीव्हीची प्रत्येक फ्रेम टेपवर १२ तिरक्या रेषांमध्ये लिहिलेली असते आणि दोन हेड आळीपाळीने त्या वाचतात. चित्रात एक पट्टा ठीक, एक गोठलेला असं आलटूनपालटून सगळ्या पडद्यावर दिसलं, तर एक हेड घाणीने बंद झालं आहे. टेप बहुधा ठीक असते. सोनीच्या कॅमेऱ्यावर अशा वेळी ‘सी:२२’ असा इशाराही येतो. कोरड्या प्रकारची क्लीनिंग कॅसेट तिच्यावर लिहिलेल्या वेळेइतकीच, साधारण १० सेकंद, चालवा. ती रिवाइंड करून पुन्हा वापरू नका. दोन-तीनदा करूनही फरक पडला नाही तर थांबा, कारण ती कॅसेट हेड घासतेच. घरी कापसाच्या काडीने हेड पुसायला जाऊ नका, धागा अडकून हेडचं टोक तुटतं.

चौकोन अधूनमधून, विखुरलेले आणि दर वेळी वेगळ्या ठिकाणी येत असतील तर तीच टेप पुन्हा उतरवा. दोन्ही फायली ठेवल्या तर एकीतला खराब भाग दुसरीतून भरता येतो. डीव्हीरेस्क्यू हे मोफत साधन नेमकं हेच करतं, दोन-तीन प्रतींमधल्या चांगल्या फ्रेम निवडून एक फाइल जोडतं.

दर वेळी त्याच जागी बिघाड दिसत असेल तर दोष टेपचा. आणि संपूर्ण टेपभर सतत चौकोन दिसत असतील तर ‘एलपी’वर, म्हणजे टेपवर जास्त वेळ बसवणाऱ्या मोडवर, रेकॉर्ड केलं होतं का ते बघा. नेहमीच्या एसपी मोडमध्ये रेषेची रुंदी १० मायक्रॉन असते, एलपीमध्ये ती ६.७ वर येते. ६० मिनिटांच्या टेपमध्ये ९० मिनिटं मावतात खरी, पण ज्या कॅमेऱ्याने शूट केलं तोच बरेचदा ती नीट वाचू शकतो. एलपी टेपसाठी मूळ कॅमेरा दुरुस्त करून घेणं दुसरा शोधण्यापेक्षा जास्त फायद्याचं ठरतं.

लग्नाचं शूटिंग स्टुडिओने केलं होतं. त्याची मिनीडीव्ही माझ्या कॅमेऱ्यात चालत नाही.

दोन शक्यता. पॅनासॉनिकच्या एमडी-९००० किंवा एमडी-१०००० सारख्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याने शूट झालं असेल तर ते साधं डीव्ही, चालायला हवं. सोनी पीडी-१५० किंवा पीडी-१७० वापरला असेल तर रेकॉर्डिंग डीव्हीकॅम पद्धतीचं असू शकतं. त्यात रेषा १५ मायक्रॉन रुंद असते आणि ६० मिनिटांच्या टेपमध्ये ४० मिनिटंच बसतात. सगळ्याच घरगुती कॅमेऱ्यांत ते चालत नाही, डीव्हीकॅम वाचणारा कॅमेरा किंवा डेक मिळवा.

आणखी एक. घरी असलेली व्हीएचएस ही स्टुडिओने गाणी, इफेक्ट घालून काढलेली दुसरी-तिसरी प्रत असते. बऱ्याच स्टुडिओंनी मूळ टेप पुन्हा वापरल्या, पण विचारून बघायला हरकत नाही. मूळ टेप मिळाली तर व्हीएचएसच्या मागे लागू नका.

हाय८ आणि व्हिडिओ८ साठी चांगला मार्ग कोणता?

जुन्या अ‍ॅनालॉग कॅसेट वाचणारा डिजिटल८ कॅमेरा. तो हाय८ची टेप वाचतो, स्वतःच डिजिटल करतो, चित्राची थरथर आतल्याआत सावरतो आणि फायरवायरने डीव्ही देतो. चित्र आणि आवाज एकत्रच येत असल्याने वेगवेगळे सरकत नाहीत. फक्त सगळेच डिजिटल८ कॅमेरे अ‍ॅनालॉग वाचत नाहीत, विकत घेताना एक हाय८ कॅसेट सोबत न्या आणि लावून बघा. ९० मिनिटांच्या कॅसेटमध्ये डिजिटल८ चं ६० मिनिटांचंच रेकॉर्डिंग बसतं, हे मोजताना ध्यानात ठेवा.

मूळ हाय८ कॅमेराच वापरायचा असेल तर पिवळ्या आरसीएऐवजी एस-व्हिडिओची गोल, ४ पिनांची केबल लावा. कॉम्पोझिटमध्ये, म्हणजे त्या पिवळ्या तारेत, उजेड आणि रंग एकाच तारेत मिसळतात, त्यामुळे बारीक काठपदरावर रंग तरळतात. पैठणी, कांजीवरम असलेल्या लग्नात हा फरक चटकन कळतो. एस-व्हिडिओतून आवाज जात नाही, लाल-पांढरी तार वेगळी जोडा. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच हाय८ कॅमेऱ्यांचे आतले कपॅसिटर गळतात. चित्र फिकट, आवाज गायब अशी लक्षणं दिसली तर टेपला दोष देऊ नका.

व्हीएचएस आणि व्हीएचएस-सी?

चांगला व्हीसीआर आणि यूएसबी कॅप्चर कार्ड. व्हीएचएस-सीला मोठ्या कॅसेटच्या आकाराचा अ‍ॅडॉप्टर लागतो. मोटारवाल्या अ‍ॅडॉप्टरमध्ये पेन्सिल सेल असतो. सेल मेलेला असला तर टेप बाहेरच अडकून राहते, म्हणून आधी नवा सेल घाला.

विंडोजवर व्हर्च्युअलडब वापरा. पद्धत ‘पाल-बी’, आकार ७२० बाय ५७६, २५ फ्रेम, रंग ‘वायूवायटू’, कोडेक (चित्र साठवण्याची पद्धत) हफवाययूव्ही. तासाला ३० ते ४० जीबी लागतील, लागू द्या. ओबीएस स्ट्रीमिंगसाठी छान आहे, पण ते इंटरलेस चित्र (ज्यात प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन भागांत येते) तसंच्या तसं साठवू शकत नाही, अर्ध्या हालचालीची माहिती तिथेच जाते. ‘एव्ही टू एचडीएमआय’ डबीही टाळा, ती चित्र ताणून मोठं करते आणि ते नंतर परत आणता येत नाही.

चित्राचा वरचा भाग वाकतो किंवा दर काही मिनिटांनी धक्का बसतो, तो टेपच्या सिग्नलमधला वेळ डळमळीत असल्यामुळे. त्यासाठी व्हीसीआर आणि कार्डाच्या मधे टीबीसी (टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलचा वेळ सावरणारं यंत्र) लागतो. तो महाग पडतो. पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ हा जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता मधे जोडला तरी बऱ्याच टेप सावरतात. त्यात रेकॉर्ड करायचं नाही, सिग्नल फक्त आरपार जाऊ द्यायचा.

आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडतो. का?

चित्र एका यंत्राकडून आणि आवाज दुसऱ्याकडून घेतल्यामुळे. चित्र यूएसबी कार्डातून आणि आवाज संगणकाच्या माइकच्या भोकातून घेतला की दोन्हींची घड्याळं तासाभरात वेगळी होतात. आवाजही कार्डातूनच घ्या. तरीही सरकत असेल तर फ्रेम गळत आहेत. कार्ड हबवर नको, थेट मागच्या यूएसबी पोर्टला लावा.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी पाठवलेली कॅसेट काळी-पांढरी दिसते.

ती एनटीएससी, म्हणजे तिकडच्या टीव्हीच्या पद्धतीची आहे. तिकडचं चित्र ७२० बाय ४८०, सेकंदाला २९.९७ फ्रेम. आपल्याकडचे आणि आखाती देशांतून आणलेले बहुतेक कॅमेरे पाल. मिनीडीव्हीसाठी एनटीएससी कॅमेराच लागेल, तो त्या नातेवाइकांकडेच पडून असण्याची शक्यता मोठी. सोनीच्या कॅमेऱ्यांचे अ‍ॅडॉप्टर सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालतात, फक्त प्लगची पिन बदला. अमेरिकन व्हीसीआर मात्र १२० व्होल्टचा असतो, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावला तर जळतो.

टेपवर एचडीव्ही (हाय डेफिनिशन रेकॉर्डिंग) असेल तर?

कॅमेऱ्याच्या मेन्यूत ‘आय-लिंक कन्व्ह’ बंद ठेवा, नाहीतर तो हाय डेफिनिशन चित्र साध्या डीव्हीत उतरवून देतो. फाइल एम२टी प्रकारची, १४४० बाय १०८० ची मिळते. इथे एक डाग लागला की अर्धा सेकंद गोठतो, कारण फ्रेम एकमेकींवर अवलंबून असतात. म्हणून हेड स्वच्छ असणं जास्त गरजेचं.

घरच्यांना मोबाइलवर पाठवायचंय. फाइल उघडतच नाही.

डीव्ही फाइलवरून एमपीफोर तयार करा. हँडब्रेकमध्ये डिइंटरलेससाठी ‘बॉब’, फ्रेम दर ५०, दर्जा आरएफ १८. ५० फ्रेम ठेवल्या की फुगडी, लेझीम यांची हालचाल मूळ टीव्हीवर दिसायची तशी सलग दिसते. २५ केल्यावर ती तुटक होते. माणसं रुंद किंवा उभट दिसत असतील तर साध्या चित्रासाठी ७६८ बाय ५७६, रुंद पडद्यासाठी १०२४ बाय ५७६ हे माप घाला. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते पुन्हा दाबलं जातं. मूळ डीव्ही फाइल मात्र पुसू नका.

शूटिंगची तारीख कुठे सापडेल?

डीव्ही टेपवर ती चित्रात नसली तरी प्रत्येक फ्रेमसोबत नोंदलेली असते. कॅमेऱ्याचं ‘डेटा कोड’ बटण दाबलं की दिसते, आणि डीव्ही फाइलमध्येही सोबत येते. एमपीफोर करताना ती गळते. म्हणून फाइलच्या नावातच लिहा: वर्ष-महिना-प्रसंग-कॅसेट क्रमांक. कॅमेऱ्याचं घड्याळ कधीच लावलं नसेल तर भलतंच वर्ष दिसेल, तेव्हा कॅसेटच्या लेबलवर विश्वास ठेवा.

दुकानात द्यायचं ठरवलं तर काय विचारावं?

‘फाइल कोणती देणार?’ हा पहिला प्रश्न. मिनीडीव्हीच्या एका तासाला १३ जीबीची एव्हीआय किंवा डीव्ही फाइल मागा. तासाला एक-दोन जीबीचं एमपीफोर किंवा डीव्हीडी मिळत असेल तर चित्र दाबलेलं आहे. फायरवायरने घेता की पिवळ्या तारेने, हेही विचारा. स्वतःची डिस्क द्या, कॅसेटला क्रमांक घाला, यादीचा फोटो काढून ठेवा आणि आधी एकच कॅसेट द्या. स्वतः कॅमेरा शोधायचा असेल तर मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात, सुट्या केबल आणि कार्डांसाठी लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत चौकशी करा. वापरलेला कॅमेरा घेताना स्वतःची बिनमहत्त्वाची टेप पाच मिनिटं चालवा, बाहेर काढा आणि टेपच्या कडेला सुरकुती पडली नाही ना ते बघा.

उतरवून झाल्यावर कॅसेट टाकून द्यायच्या?

नाही. फायली दोन वेगळ्या डिस्कवर, त्यातली एक दुसऱ्या घरी, एवढं झालं तरी कॅसेट ठेवा. पूर्ण रिवाइंड करून, आपापल्या डबीत, उभ्या लावा. सोबत सिलिका जेलची पुडी घाला आणि ती ओलावली की बदला. स्पीकरजवळ नको, गच्चीखालच्या तापणाऱ्या माळ्यावर नको, फ्रीजमध्ये तर मुळीच नको. आज चौकोनांनी भरलेली दिसणारी टेप चांगल्या हेडच्या कॅमेऱ्यात स्वच्छ वाचली जाण्याची शक्यता असते, आणि त्यासाठी मूळ टेप हाताशी लागते.